कोरडं चाक

त्या भादव्यात आमच्या घरी कोणी मोठ्यानं बोलत नसे. बाबा बैलांनासुद्धा दबक्या आवाजात हाकत. माय भांडी घासायला बसली की पितळेवर पितळ लागू नये म्हणून एक भांडं मातीवर ठेवून मगच दुसऱ्याला हात घाली. गावात कुठं फटफटी वाजली की ती आमच्या दाराशी थांबते की पुढं निघून जाते, एवढं आम्हाला ऐकायचं असायचं. गावात फटफटी एकाच माणसाकडे होती आणि आम्ही कसत होतो ती जमीनही त्याचीच होती. वामनराव त्याचं नाव, पण नावानं कोणी बोलत नसे. मालक म्हणत. आवाज पुढं गेला की बाबा पुन्हा विडी ओढायला लागत. तोवर विडी त्यांच्या बोटांतच विझलेली असायची.

आमच्याकडे त्याच्या चार बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, अर्ध्या बटईनं होत्या, निम्मं पीक त्याचं; तलावाच्या मातीच्या पाळीखाली, पवनीच्या रस्त्यापासून आत. धान तेव्हा गर्भात आलं होतं. ज्यांनी धान जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. लोंबी बाहेर पडण्याआधी देठाच्या पोटात असते, देठ फुगलेला दिसतो. तेव्हा बांधीत पाणी नसलं तर लोंबी येते, वरून सारखीच दिसते, पण दाणा भरत नाही. हातात चुरगाळली तर फोल निघतं. त्याला आम्ही पोचट म्हणतो. पाऊस तेव्हा ओसरलेला असतो, म्हणून ते शेवटचं पाणी तलावातूनच यावं लागतं. पाळीच्या पोटात पाणी सोडायची मोरी असते, तिला तुडूम म्हणतात. तुडूम मालकाचा गडी उघडी आणि मालकानं सांगितल्याशिवाय उघडत नसे. वर्षभराचा भात, बैलांचं तणस, माझ्या शाळेचे कपडे, सगळं त्या एका पाण्यावर होतं. मला आकडे आवडतात, आज भंडाऱ्याला मी मुलांना गणितच शिकवते, पण हा हिशेब करायला तेव्हा गणित लागत नव्हतं. पाणी आलं तर सगळं, नाही आलं तर काही नाही.

आणि ते पाणी येणार नाही अशी भीती आम्हाला मायच्या एका गाण्यामुळे वाटत होती.

माय गाणी करायची. तिचा शब्द ‘जोडायची’ असा होता, ‘गानं जोडलं’ म्हणे. रोवण्याच्या बाया चिखलात ओणव्या होऊन मागं मागं सरकत पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावतात. एक जण ओळ टाकते, बाकीच्या तिचे शेवटचे शब्द उचलतात, आणि तेवढ्यात पुढची ओळ जुळते. कंबर मोडून चालली असताना गाणं असलं तर हात आपोआप चालतात. माय टोळीत असली की बायांना बरं वाटे. तिनं एका सासूचं गाणं जोडलं होतं, जी सुनेला मीठ चिमटीनं मोजून देई आणि स्वतःच्या ताटात मूठ टाकी. नाव नव्हतं, पण ती सासू कोणती हे सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा तीच सासू टोळीत होती आणि मोठ्या उत्साहानं ओळ उचलत होती. बाया हसून चिखलात बसायच्या राहिल्या. टोळीतली भागरता मायला म्हणे, “गिरजे, तुह्या नवऱ्याचं जोड एखादं. इतका गरीब मानूस, त्याले कोनी तरी गान्यात घाला वो.” माय म्हणे, “त्याच्यात घालासारखं काई असन तर घालीन.”

पण जोडण्याची तिची एक शिस्त होती. गाण्यात नाव घालायचं नाही, आणि कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं असेल तेवढंच घालायचं. ऐकलेलं नाही. दुःखाचं गाणं असलं तर ती टोळीतल्या एकेकीला विचारी, तू काय पाह्यलं? जिनं जे पाहिलं ती तिची ओळ. पुढं कोणी त्या ओळीला हरकत घेतली तर जिची ओळ तिनं उभं राहायचं. ही रीत मायची एकटीची नव्हती, तिच्या आईच्या गावच्या बायांचीही होती. हल्ली रोवण्याच्या बाया पिकअपमध्ये बसून येतात, एकीच्या कमरेला मोबाइल असतो आणि त्यावर कुठलंही गाणं वाजतं. त्यात वाईट काही नाही. पण त्या गाण्यातल्या ओळीसाठी बांधीत कोणाला उभं राहावं लागत नाही.

त्या वर्षीच्या रोवण्यात वच्छला गेली. आम्ही तिला वच्छी म्हणायचो. लग्न होऊन दोन वर्षं झालेली, नवरा नागपूरकडे विटांच्या कामाला. ती मायच्या शेजारी लावायची आणि ओळ मुद्दाम उशिरा उचलायची, सगळ्या थांबल्या की हिचा एकटीचा आवाज येई. त्या दिवशी मीही टोळीत होते, शाळेला रोवण्याची सुट्टी होती. शिदोरी सोडून झाली होती. लाखोरीची डाळ, भात आणि तरोट्याची भाजी, तीही वच्छीच्याच घरची, कारण तिच्या हातची सगळ्यांना आवडे. आम्ही पुन्हा बांधीत उतरत होतो. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, गवतात पाय ठेवून वच्छी म्हणाली, “काटा रुतला वो.” आणि पऱ्ह्यांची जुडी हातात तशीच घेऊन उभी राहिली. मायनं खाली वाकून तिचा पाय पाहिला आणि काही न बोलता स्वतःच्या लुगड्याचा पदर फाडला. मग मला म्हणाली, “शालू, मालकाकडं धाव. टॅक्टर पायजे म्हन. वच्छीले पान लागलं म्हन.” आमच्याकडे साप चावला असं तोंडानं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात.

मी धावले. मालकाचं घर गावाच्या अलीकडेच आहे. फाटक आतून लावलेलं होतं. मी फाटकाला लटकून हाक मारली. डाव्या हाताला कवेलूंनी शाकारलेल्या शेडमध्ये ट्रॅक्टर उभा होता. त्याची मागची दोन्ही चाकं मला समोर दिसत होती. रोवण्याच्या दिवसांत आमच्याकडे चिखल नाही असं चाक नसतं, सायकलचंसुद्धा नाही. ती चाकं कोरडी होती, मातीचा थर वाळून पांढरा पडला होता, आणि एका चाकाच्या सावलीत कोंबडी बसली होती. आतून आवाज आला, “बाबा झोपले हायेत. डायवर नाई.” ट्रॅक्टर मालकालाही चालवता येई, म्हणून मी म्हटलं, वच्छीले पान लागलं, मालकाले उठवा. त्यावर आतून काही आलं नाही. मी पुन्हा ओरडले. दार उघडलं नाही. मी परत धावले. तोवर चार माणसांनी खाट आणली होती. वच्छीला त्यांनी खाटेवर घेतलं आणि पवनीच्या रस्त्यानं दवाखान्याकडे निघाले. ती रस्त्यातच गेली. मोठी झाल्यावर मी तो रस्ता नवऱ्याच्या स्कूटरवरून दोनदा मोजला. ट्रॅक्टर मिळाला असता तर ती वाचली असती असं मी आजही ठामपणे म्हणू शकत नाही. वेळेत पोचली असती, एवढंच म्हणू शकते.

तेरवी झाल्यावर एका संध्याकाळी माय चुलीपुढं डाळ घोटत होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, “तू काय पाह्यलं ते सांग. जेवढं पाह्यलं तेवढंच.” मी सांगितलं. चाकं, कोंबडी, आतला आवाज.

“आवाज कोनाचा?”

“सुनंदाचा.”

सुनंदा मालकाची मुलगी. शाळेत माझ्या पुढं तीन वर्षं होती आणि प्रार्थना तीच सांगायची, तिचा आवाज मी रोज सकाळी ऐकलेला. मायनं डाळ बराच वेळ घोटली. मग म्हणाली, “तो नाई घालत. लेकरू हाये ते. चाक घालू?”

मी म्हटलं, “घाल.”

म्हणून गाण्यातली ती ओळ माझी होती. पुढचे दोन महिने मी हे अंगावर घेऊन हिंडले. दुसऱ्या एका मालकाच्या बांधीत मायनं ते गाणं पहिल्यांदा म्हटलं तेव्हा बायांनी ती ओळ इतक्या जोरात उचलली की धुऱ्यावरचे बगळे उडाले. मी मात्र उचलली नाही. ओळ सुटली होती आणि ती कुठं जाऊन थांबेल हे मायच्याही हातात राहिलेलं नव्हतं.

आमच्याकडचा रोवणा आटोपला की टोळी एसटीत बसून सिहोऱ्याकडे जाई, तिकडे काम उशिरापर्यंत चाले. त्या वर्षी माय गेली नाही, भागरता गेली. परत आली ती सरळ आमच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, येऊन बसली आणि पाय चोळत म्हणाली, “गिरजे, तुह्यं गानं तर एसटीनं फिरून राह्यलं वो! मी तिकीट काढून गेली, ते बिनतिकिटानं माह्या आधी पोचलं. सिहोऱ्याच्या बाया मलेच शिकवत होत्या, अशी नाई, अशी चाल हाये म्हने.” माय हसली. मग भागरतानं बाबांकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. “पन एक हाये. मालकाच्या सुनंदाचं लगन तिकडंच जुळून राह्यलं. पावन्यांच्या शेतातच गात होत्या बाया. पावन्यानं विचारलं म्हने, ज्याच्या घरची ही गाडी तो मानूस हाच का?”

बाबा उठून बैलांकडे गेले. भागरता गेल्यावर परत आले आणि त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा मायवर ओरडताना ऐकलं, तेही कुजबुजत. “ते ओळ काढून टाक. धान पोचट झालं तर गानं खाशीन काय?”

“माह्या काढल्यानं सिहोऱ्याच्या बायांच्या तोंडातून निंघते काय ते?”

“मंग जोडलं कायले?”

“वच्छी माह्या मांडीवर होती,” माय म्हणाली. बाबा विडी शोधू लागले. पण ते मायवर रागावलेले नव्हते, भ्यालेले होते, आणि भ्यालेला माणूस घरात कसा वावरतो हे मी त्या महिन्यात पाहिलं. जेवताना घास हातात धरून ते कान देत. संध्याकाळी पाळीवर जाऊन तलावात पाणी किती आहे ते पाहून येत, जणू पाणी कमी असण्याची भीती होती. तलाव भरलेला होता. घरात सुकटीचा वास आला तर एरवी चुलीपाशी येऊन बसणारा माणूस तो, पण त्या दिवसांत काय शिजलंय हेही विचारत नसे.

आम्ही फटफटीकडे कान लावून होतो आणि मालक पायी आला. दुपारची वेळ होती. पोळा होऊन गेला होता, कडक ऊन पडलं होतं. दारात सावली पडली म्हणून मी वर पाहिलं तर तो. एकटाच. पांढरं धोतर, छत्री बगलेत. बाबा धडपडत उठले, खाट ओढली, तिच्यावरचं वाळवण खाली सांडलं. मालक खाटेवर बसला नाही. सपरीच्या कडेवर, जिथं भागरता बसायची तिथं, बसला.

“गिरजाबाई,” तो म्हणाला. आमच्या घरात येऊन त्यानं मायला बाई म्हणणं हे मला धमकीपेक्षा भयंकर वाटलं. “तुमचं ते गानं मले आयकाचं हाये. लोकं अर्धंमुर्धं सांगतात. माह्या पुढ्यात कोनी पुरं म्हनत नाई. तुमी जोडलं, तुमीच म्हना. पुरं.”

बाबा म्हणाले, “मालक, बायांचं गानं ते, त्याच्यात काय…”

“शंकर, तू बस. मंग पान्याचं बोलू.”

पाण्याचं बोलू, हे शब्द ऐकताच बाबा होते तिथंच खाली बसले. मी मायच्या मागं, स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावून उभी होते. मायनं डोक्यावरचा पदर सारखा केला, हात धुतले, का ते कळलं नाही, आणि ती त्याच्या समोर जमिनीवर बसली. एरवी ती गाताना ओणवी असे, हातात काम असे, सभोवती दहा-बारा बाया असत. रिकाम्या हातांनी, एकटीनं, एका माणसासमोर बसून गाताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

*काटा रुतला म्हणाली, हातचे पऱ्हे सोडेना वो बाई…*

आणि ती थांबली. पहिल्यांदा मला वाटलं तिचा आवाज अडला. मग लक्षात आलं, बायांनी ओळ उचलायची तेवढी जागा ती सोडत होती. बाया नव्हत्या, पण तिला गाणं तसंच येत होतं. त्या जागेत आमच्या घरातले आवाज आले. कोंबडीचं कुरकुरणं, गोठ्यातलं दावं ओढल्याचा आवाज, चुलीवर पेज रटरटत होती ती. मग दुसरी ओळ.

*पदर बांधला पायाला, डोई माझ्या मांडीवर वो बाई…*

पुन्हा तेवढीच रिकामी जागा. मालक जमिनीकडे पाहत होता. त्याच्या हातातली छत्रीची मूठ हळूहळू फिरत होती. मला पुढची ओळ ठाऊक होती. मायनं ती गाळावी असं मला मनापासून वाटलं, देवाला म्हणतात तसं मी मनात म्हटलं, गाळ, गाळ. तिचा आवाज मोठा नव्हता. बांधीत ती दुसऱ्या धुऱ्यापर्यंत ऐकू जाईल अशी गायची. इथं ती समोर बसलेल्या माणसाला ऐकू जाईल एवढंच गात होती, आणि त्यामुळे प्रत्येक शब्द सुटा सुटा कळत होता.

*सावलीला उभी गाडी, चाक तिचं कोरडं वो बाई…*

“थांबा,” मालक म्हणाला. “चाक कुठलं? चाक त्या दिवशी खोललेलं होतं. मी उठलो तवा मले घरात हेच सांगितलं. चाक खोललं हाये, डायवर ते घेऊन पवनीले गेला हाये. गाडी चालन्यासारखी नोयतीच. कोन पाह्यलं हे?”

“मी,” माय म्हणाली.

“तुमी?” त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. “तुमी तर बांधीत होत्या. तिची डोई तुमच्या मांडीवर होती. आताच तुमीच म्हटलं.”

आयुष्यात तिला खोटं बोलताना मी तेवढं एकदाच पाहिलं आणि तिच्याच गाण्यानं ते पकडलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत विनवणी होती, गप्प राहा. मालक थांबला होता. मला रीत माहीत होती. चौकट धरूनच मी बोलले.

“मी पाह्यलं. दोन्ही चाकं होती. वाळलेली होती. एकाखाली कोंबडी बसली होती.”

मालकानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता तो उठेल, बाबांना काहीतरी म्हणेल आणि संपलं. पण त्याच्या तोंडावर राग दिसला नाही. मी मुलांच्या वह्या तपासते तेव्हा कधी कधी एखादा मुलगा आपलं गणित चुकलं हे कळूनही उत्तराकडे पाहत बसतो. तसा तो पाहत होता. आता मला वाटतं, तो खरंच चाक खोललेलं होतं असं समजून आला होता. ते मायकडून वदवून घ्यायचं आणि सिहोऱ्याला निरोप पाठवायचा, एवढंच त्याला हवं असावं.

“तू आलती फाटकाशी?”

“हाव.”

“मले उठवा म्हटलं?”

“दोनदा.”

त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. “आतून कोन बोललं?”

मला उत्तर ठाऊक होतं. ते एकाच शब्दाचं होतं आणि माझ्या तोंडात येऊन बसलं होतं. त्या क्षणी मला पाण्याची भीती वाटली नाही, बाबांचीही नाही. समोरचा माणूस हे ऐकून घरी जाईल आणि मग त्या घरात काय होईल, त्याची वाटली. मी तोंड उघडलं. तेवढ्यात माय पुढची ओळ गायला लागली, या वेळी जागा न सोडता, माझ्या आवाजावर आपला आवाज टाकत.

*धनी जेवून निजला, हाक दारी थांबली वो बाई… खाट उचलली चौघांनी, चिखल धरी त्यांचे पाय वो बाई… सरेना वाट पवनीची, ऊन मधीच थांबलं वो बाई…*

तिनं गाणं शेवटापर्यंत नेलं. मालकानं पुन्हा थांबवलं नाही. शेवटी ती गप्प झाली तेव्हा पेज उतू जाऊन चुलीत चरचरली आणि कोणी उठलं नाही.

“नाव नाई कोनाचं,” मालक म्हणाला. तो विचारत होता की सांगत होता, कळलं नाही.

“गान्यात नाव नसते, मालक.”

तो उठला, छत्री उघडली आणि गेला. पाण्याबद्दल एक शब्द बोलला नाही. बाबा त्याच्या मागं अंगणाच्या टोकापर्यंत गेले आणि तसेच परत आले. सांडलेलं वाळवण त्यांनी एकेक दाणा करून उचललं. ते काम माझं होतं, पण मला त्यांना अडवण्याची हिंमत झाली नाही.

पाणी आलं की नाही ते आताच सांगून टाकते, कारण वाचणाऱ्याला उगाच ताटकळत ठेवणं मला आवडत नाही. पाणी आलं, आमच्या वेळेला, दरवर्षीसारखं. धान भरलं. पुढच्या वर्षी मात्र मालकानं त्या चार बांध्या दुसऱ्याला दिल्या, कारण सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलं नाही. ते भंडाऱ्याला राइस मिलमध्ये लागले आणि त्यामुळेच मी पुढं शिकले. पण हे सगळं नंतरचं. मालक येऊन गेल्यानंतरचे दिवस आम्ही पाणी येणार नाही असंच धरून काढले, आणि सुनंदा आली ती त्याच दिवसांत.

तीही दुपारीच आली, मागच्या वाटेनं, गोठ्याकडून. डोक्याला तेल चोपडलेलं, वेणी घट्ट, पण डोळे सुजलेले. हातात काही नव्हतं. बाबा तिला पाहून दचकून उभे राहिले. पाण्याचा निरोप असणार म्हणून त्यांनी तिच्यासाठी पाट मांडला आणि स्वतः दाराआड गेले, तिला बोलायला संकोच वाटू नये म्हणून. ती पाटावर बसली नाही. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. शाळेत ती नेहमी माझ्यापेक्षा उंच वाटायची, त्या दिवशी वाटली नाही.

“काकू,” ती मायला म्हणाली, “त्या गान्यात माह्यं नाव टाका.”

माय तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, “कायले वो बाई?”

“बाबांनी मले विचारलं. मी सांगितलं, मीच बोलली म्हनून. चाकाचं माह्या मायनं सांगितलं होतं त्यायले, मले वाचवाले. ते काई बोलले नाई. मले मारलं असतं तर बरं झालं असतं. जेवले आन् शेतात गेले. तवापासून घरात कोनीच काई बोलून नाई राह्यलं.” तिनं नाक ओढलं. “अन् तिकडं बाया म्हनतात, धनी निजला, जसं काई हाक आयकूनच निजला. ते झोपलेच होते. त्यायले ठाऊकच नोयतं. झोपमोड केली तर बाबा रागवतात म्हनून मी उठवलं नाई. मले काय ठाव ती मरन?”

मायनं पाट तिच्याजवळ सरकवला. आमच्या घरात आम्ही ज्या गाण्याला भीत होतो, त्याच गाण्याला भिऊन ती त्या मोठ्या घरात बसली होती, तेही रोवण्यापासून, आमच्यापेक्षा जास्त दिवस आणि एकटी. हे मला तेव्हा कळलं. तोवर माझ्या हिशेबात ती आलीच नव्हती.

“नाव नाई टाकत मी,” माय म्हणाली. “कोनाचंच नाई.”

“मंग खोटंच राहीन का ते?”

हे मायला लागलं. तिनं मान खाली घातली. सुपातला एक खडा उचलून तिनं बाजूला टाकला, मग दुसरा. ओठ हलत होते. मग तिनं, गातात तसं नाही, बोलल्यासारखं म्हटलं,

*हाक दारी थांबली, आत एक पोर वो बाई… भीतीनं जड झाली हाक, तिला ती उचलेना वो बाई…*

“हे तू पाह्यलं,” माय म्हणाली. “हे घालू?”

सुनंदाचे ओठ हलले. तिनं ओळ मनात म्हणून पाहिली असावी. “हे सिहोऱ्याले पोचन?”

“पोचन. पुढच्या रोवन्यात भागरता जाईन, तिच्यासंगं.”

“तवा मी तठीच असन,” सुनंदा म्हणाली. तिचं जुळलं होतं, तिळसंक्रांतीनंतर लग्न होतं. पुढच्या रोवण्यात ती त्याच पाहुण्यांच्या घरची सून असणार होती आणि बाया त्याच शेतात ओणव्या होऊन ही ओळ उचलणार होत्या.

“असशीन,” माय म्हणाली. “म्हनून तर इचारून राह्यली. नको म्हन, नाई घालत.”

सुनंदा उभी होती. तिनं शेजारचा खांब घट्ट धरला होता. त्या दिवशी मी चौकट अशीच धरली असेन. मला वाटलं ती नको म्हणेल. मी असते तर त्या क्षणी नको म्हटलं असतं.

“घाला,” ती म्हणाली आणि आली तशीच गोठ्याकडून निघून गेली.

मायनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं, पण तिचे हात चालेनात. दाराआडून बाबांनी हळूच डोकं काढलं आणि विचारलं, “पान्याचं काई म्हनली का वो?”

“नाई,” म्हणत मायनं तांदळात पुन्हा हात घातला.